फट, भिंग आणि खिडकी : वस्तीत शिरलेल्या रणगाड्यांची छायाचित्रे वाचताना

डिसेंबर महिना उजाडला की आमच्या भागातील शाळांच्या आणि वाचनालयांच्या भिंतींवर मुक्तिसंग्रामाची छायाचित्रे लागतात. पणजीच्या रस्त्यावरून चाललेले जवान, त्यांच्याभोवती लोटलेली गर्दी, शस्त्रे खाली ठेवलेले पोर्तुगीज सैनिक, चढणारा तिरंगा. ही चित्रे पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. तो नसता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. मात्र अलीकडे ती पाहताना एक गोष्ट खटकू लागली आहे. या चित्रांत मुळगाव नाही, अस्नोडा नाही, डिचोली नाही. रणगाडे आमच्या शिवेजवळून गेले आणि छायाचित्रांत उमटले ते थेट मांडवीच्या काठी. मधली वाट कोणी पाहिलीच नाही काय?

साहित्यविषयक पत्रिकेत छायाचित्रांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. आमच्या मते छायाचित्र हीदेखील एक संहिता आहे. तिला निवेदक असतो, त्याची उभे राहण्याची जागा असते, आणि त्या जागेवरून जे दिसत नाही तेही तिच्या आशयाचा भाग असते. कादंबरीबाबत ‘हे कोण सांगत आहे?’ असे आपण विचारतो. युद्धाच्या छायाचित्रासमोर मात्र तो प्रश्न विसरून नुसते हळहळतो किंवा अभिमानाने ऊर भरून घेतो. हा विसर दूर करावा, इतकाच आमचा हेतू आहे.

प्रथम आपल्या दाराशी घडलेले पाहू. १८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे ४ वाजता डिचोलीच्या दक्षिणेकडील पोर्तुगीज ठाण्यांवर भारतीय तोफांचा मारा सुरू झाला. तिथे शत्रूचे जड रणगाडे आहेत अशी खबर होती, आणि ती खोटी निघाली. ४ वाजून ४० मिनिटांनी पोर्तुगिजांनी डिचोलीचा पूल उडवला. पाठोपाठ कोलवाळचा, आणि ५ वाजता अस्नोड्याचा. साडेसहाच्या सुमारास पश्चिमेकडील भारतीय तुकडी हद्द ओलांडून थिवीच्या मार्गाला लागली. तिच्यात दुसरी शीख लाइट इन्फंट्री होती आणि सोबत रणगाडे होते. संध्याकाळी ५ वाजता ही तुकडी बेतीला पोहोचली. समोर नदी आणि नदीपलीकडे पणजी. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला सकाळी नदी ओलांडण्याचा हुकूम आला आणि पणजी प्रतिकाराविना हाती आली. त्याच रात्री साडेआठ वाजता गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली.

या वृत्तांतात आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते ती नसलेल्या रणगाड्यांची खबर. तोफा डागल्या गेल्या त्या एका प्रतिमेवर, कोणाच्या तरी अहवालातून सेनाधिकाऱ्यांच्या मनात उभ्या राहिलेल्या रणगाड्याच्या चित्रावर. ज्या गावांच्या आसपास ते गोळे पडले, तिथे त्या क्षणी माणसे झोपेत होती.

आमच्या घरात त्या पहाटेच्या दोन आठवणी सांगितल्या जात. थोरली आत्या म्हणे, स्वयंपाकघरातील फळीवरची पितळेची भांडी थरथरली आणि पहिला विचार आला तो खाणीचा. आमच्या परिसराला सुरुंगाचा आवाज नवा नव्हता. मग तिची सासू म्हणाली, “इतक्या पहाटे खाणीत कोण सुरुंग लावणार?” एवढ्या एका वाक्याने घरात युद्ध आले. दुसरी आठवण आजोबांच्या धाकट्या भावाची. ते छातीठोकपणे सांगत की त्यांनी रणगाडा प्रत्यक्ष पाहिला, त्यावर बसलेल्या जवानाने हात हलवला. आत्या यावर हसत असे. तिच्या मते ते त्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते. या दोन आठवणींतील खरी कोणती, याचा निवाडा करणारे छायाचित्र आमच्यापाशी नाही. छायाचित्र ही त्या काळी लग्नामुंजीची वस्तू होती. म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या स्टुडिओत जाऊन, ताठ बसून काढून घ्यायची. पहाटे पाच वाजता उडणाऱ्या पुलासमोर कॅमेरा घेऊन उभे राहणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

‘रणगाडा’ या शब्दाकडेही क्षणभर पाहावे. मराठीने हे यंत्र आपलेसे केले ते गाड्याच्या घराण्यात दाखल करून. गाडा म्हटले की आपल्याला चाकोरी, बैल, भाताच्या पेंढ्या आठवतात. गाडा रस्त्यावरून जातो आणि रस्त्याकडेच्या माणसांशी बोलत जातो. रणगाड्याचे तसे नाही. त्याच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरचे जग दिसते ते एका अरुंद फटीतून किंवा परिदर्शकाच्या भिंगातून. मोकळ्या मैदानात ही अडचण फारशी जाणवत नाही. वस्तीत शिरताच ती प्राणघातक होते. प्रत्येक खिडकी संशयास्पद, प्रत्येक गच्ची धोक्याची, आणि खिडकीत हलणारी वस्तू बंदूक आहे की केरसुणी, हे ठरवायला पळभराचाच अवधी. चिलखत आतल्या माणसाला वाचवते आणि त्याच वेळी त्याला अर्धे आंधळे करते.

म्हणून वस्तीतील युद्धात तीन नजरा समोरासमोर येतात. रणगाड्याची फट, कॅमेऱ्याचे भिंग आणि घराची खिडकी. फट लक्ष्य शोधते, भिंग प्रसंग शोधते. खिडकी काहीच शोधत नाही. ती केवळ तिथे असते आणि पाहते. या प्रकारच्या छायाचित्रांची प्रतवारी आम्ही एकाच कसोटीवर करू इच्छितो. भिंगाने फटीशी संगनमत केले, की खिडकीची आठवण ठेवली?

६ मार्च १९४५ रोजी जर्मनीतील कोलोन शहरात अमेरिकन सैन्याचे चित्रण करणारा जिम बेट्स याने एका इमारतीतून जे टिपले, ते या विषयातील सर्वांत प्रसिद्ध चित्रीकरण म्हणावे लागेल. भव्य कॅथेड्रलच्या समोर जर्मन पँथर रणगाडा उभा आहे. अमेरिकन पर्शिंग रणगाडा कोपऱ्यावरून पुढे येतो आणि त्याचा तोफची क्लॅरेन्स स्मोयर एकामागून एक गोळे डागून पँथर पेटवतो. हे द्वंद्व आजही पुन्हा पुन्हा दाखवले जाते. त्याच दिवशीच्या चित्रीकरणात आणखी काही आहे. दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडलेली एक साधी मोटार आणि तिच्यातून बाहेर कोसळलेली एक तरुणी, एका दुकानात काम करणारी. ती जगली नाही. तिच्यावर कोणाची गोळी लागली हे स्मोयर यांना उमगले नव्हते. पुढे उतारवयात ती दृश्ये पाहिल्यावर त्यांची झोप उडाली. २०१३ साली ते कोलोनला गेले आणि त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात असलेल्या जर्मन तोफच्याला भेटले. बेट्सच्या भिंगाने रणगाडाही टिपला आणि ती मोटारही टिपली. त्याने आपले काम केले. निवड केली ती पुढच्या प्रेक्षकांनी. द्वंद्व लक्षात ठेवले आणि मोटार विसरली. छायाचित्राचे अर्धे लेखन पाहणारा करतो, याचे याहून बोचरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा योसेफ कुडेल्का रस्त्यावर होता. तो युद्धछायाचित्रकार नव्हता. भटक्या जमातींची आणि नाटकांची छायाचित्रे काढणारा होता. रणगाड्यांवर चढणारी, सैनिकांशी हुज्जत घालणारी माणसे त्याने टिपली. ती चित्रे चोरून देशाबाहेर गेली आणि १९६९ साली निनावी प्रसिद्ध झाली. छायाचित्रकाराच्या नावाच्या जागी ‘प्रागचा छायाचित्रकार’ एवढ्या अर्थाची दोन आद्याक्षरे होती. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून पुढे अनेक वर्षे त्याने आपले नाव उघड केले नाही. या मालिकेतील ज्या चित्राने आम्हांला सर्वाधिक अस्वस्थ केले, त्यात अग्रभागी रणगाडा नाहीच. पुढे एक हात, मनगटावर घड्याळ. मागे ओसाड पडलेला वेन्सेस्लास चौक. इतकेच. भर दिवसा शहराच्या मुख्य रस्त्यावर माणूस नाही, ही रणगाड्याची खरी छाया. यंत्र दाखवणे सोपे असते. यंत्राने केलेली शांतता दाखवायला कवीची नजर लागते. आमच्या कसोटीवर हे चित्र सर्वांत वरच्या पायरीवर आहे, कारण ते फटीतून किंवा मैदानातून घेतलेले नसून रहिवाशाच्या मनगटाजवळून घेतलेले आहे.

५ जून १९८९ रोजी बीजिंगमध्ये रणगाड्यांच्या रांगेसमोर हातात पिशव्या घेऊन उभा राहिलेला तो एकटा माणूस सर्वांनी पाहिला आहे. ते दृश्य टिपणारे जेफ वाइडनर, स्टुअर्ट फ्रँकलिन आदी छायाचित्रकार हॉटेलात होते. सज्जातून, खिडकीतून त्यांनी ते पाहिले. तो माणूस कोण, हे आजतागायत जगाला ठाऊक नाही. आम्ही या चित्राची थोरवी मानतो, तरी एक शंका नोंदवतो. ते इतके परिपूर्ण आहे की त्याच्या भोवती आदल्या दोन दिवसांत त्या शहरात झालेला संहार त्याने जणू झाकून टाकला. एक धैर्यवान माणूस स्मरणात राहिला आणि मेलेले अनेक विस्मरणात गेले.

बीजिंगच्या सज्जाने चित्र दिले. बगदादच्या सज्जावर गोळा आला. ८ एप्रिल २००३ रोजी तैग्रिस नदीवरील पुलावर उभ्या असलेल्या अमेरिकन रणगाड्याने पॅलेस्टाइन हॉटेलवर मारा केला. त्या हॉटेलात पत्रकार उतरले आहेत हे जगजाहीर होते. रॉयटर्सचे कॅमेरामन तारास प्रोत्स्युक आणि स्पेनच्या तेलेसिंको वाहिनीचे होजे कोउसो मृत्युमुखी पडले. हॉटेलातून शत्रूचा टेहळ्या पाहत आहे असे वाटले, हा सैन्याचा खुलासा. पुढे चारच महिन्यांनी, १७ ऑगस्टला, अबू गरीब तुरुंगाबाहेर रॉयटर्सचेच माझेन दाना एका रणगाड्यावरून झालेल्या गोळीबारात मरण पावले. त्यांच्या खांद्यावरचा कॅमेरा रॉकेट डागण्याचे शस्त्र भासला. फटीतून पाहणाऱ्याला भिंग आणि नळी यांतला भेद कळला नाही. या खुलाशांचा खरेखोटेपणा तपासणे हे न्यायासनाचे काम. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पाहणाऱ्याला पाहणे हाच गुन्हा ठरला. डिचोलीच्या दक्षिणेकडील नसलेले रणगाडे आणि बगदादच्या सज्जातील नसलेला टेहळ्या हे एकाच जातीचे भास आहेत.

भिंग चिलखताच्या आत गेले तर काय होते? भारताचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी यांनी जुलै २०२१ मध्ये अफगाण विशेष दलासोबत कंदाहार प्रांतात प्रवास केला. १३ जुलैला ते ज्या चिलखती गाडीत होते तिच्यावर रॉकेटे आली आणि त्यांनी आतूनच ते चित्रित केले. १६ जुलैला स्पिन बोल्दाक येथे ते मारले गेले. आतून घेतलेल्या दृश्यांत धूळ, काच, ओरडणे आणि कंप एवढेच दिसते. बाहेरचे गाव दिसत नाही. सिद्दिकींच्या धैर्याला उणेपणा देण्याचा प्रश्नच नाही. आम्ही केवळ इतके म्हणतो की सैनिकांच्या गाडीत बसलेल्या भिंगाला सैनिकांचे भय फार प्रामाणिकपणे टिपता येते, आणि गावाचे भय टिपण्यासाठी खाली उतरावे लागते. सिद्दिकी वारंवार खाली उतरत आले होते. त्यांची निर्वासितांची आणि महासाथीतील चितांची छायाचित्रे याची साक्ष देतात.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सेबॅस्टियन डिसूझा हे वृत्तपत्र-छायाचित्रकार कार्यालयातून धावत छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले. फलाटावर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्याचा आडोसा घेऊन, फ्लॅश न वापरता, त्यांनी कसाबचे छायाचित्र काढले. पुढे न्यायालयात त्यांनी साक्ष दिली आणि ते छायाचित्र पुरावा झाले. याच्या नेमकी उलट बाजू नरिमन हाउस आणि ताजसमोर दिसली. दूरचित्रवाणीचे कॅमेरे कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत राहिले आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या पाहत राहिले. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. एकाच शहरात, एकाच आठवड्यात एका भिंगाने साक्ष दिली आणि दुसऱ्याने नकळत शत्रूची फट होण्याचे काम केले. या हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांच्या ताफ्यात चिलखती गाड्या आल्या. भिंगासाठी मात्र तसे चिलखत नाही. त्याला विवेकच धारण करावा लागतो.

आता पुन्हा मांडवीच्या काठी येऊ. पणजीत शिरताना तुकड्यांनी पोलादी शिरस्त्राणे उतरवून पॅराशूट रेजिमेंटच्या मरून रंगाच्या टोप्या घालाव्यात, असा हुकूम ब्रिगेडियर सगतसिंग यांनी दिला होता. हा हुकूम सेनापतीने दिला असला तरी त्यामागे छायाचित्रकाराची नजर आहे. आपण जिंकणारे म्हणून दिसावे की सोडवणारे म्हणून, याचा निर्णय त्या टोपीत आहे. शाळेच्या भिंतीवरील चित्रे इतकी प्रसन्न का दिसतात, याचे एक कारण तरी येथे सापडते. ही चित्रे खोटी आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लोकांचा आनंद खरा होता. पण त्यांत आग्वाद किल्ल्यावरील राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी गेलेले आणि तिथे पडलेले मेजर सिद्धू दिसत नाहीत. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० सैनिक या कारवाईत कामी आले. तेही दिसत नाहीत.

आणि एक गोष्ट कोणत्याच चित्रात दिसू शकत नाही. सालाझारने १४ डिसेंबरच्या संदेशात वासालो इ सिल्वा यांना बजावले होते की सैनिक विजयी व्हावेत किंवा मरावेत, शरणागती नको. तो हुकूम अक्षरशः पाळला असता तर पणजीच्या फोंताइनश मोहल्ल्यात, म्हापशाच्या बाजारात, वास्कोच्या गल्ल्यांत घराघरांतून लढाई झाली असती. रणगाडे नदीपलीकडून तोफा रोखून होते. गव्हर्नरने तसे होऊ दिले नाही. त्याबद्दल १९६३ साली त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि पोर्तुगालमध्ये सत्तापालट झाल्यावर १९७४ साली मान परत मिळाला. १९८० साली तो गोव्यात येऊन गेला. परक्या सत्तेचा प्रतिनिधी म्हणून त्याच्याविषयी कोणाला काय वाटायचे ते वाटो, पण न झालेल्या लढाईचे श्रेय नोंदवायला भिंग असमर्थ आहे. कोसळलेल्या घराचे छायाचित्र निघते. न कोसळलेल्या घराचे छायाचित्र हे केवळ एका घराचे छायाचित्र असते. इथे शब्दांचे काम सुरू होते.

म्हणूनच आमची तक्रार छायाचित्रकारांकडे नसून आपल्याच लेखनाकडे आहे. गोमंतकीय मराठी लेखनाने मुक्तिलढ्याचे सत्याग्रही आणि हुतात्मे आदराने जपले. पेडण्यातील पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी सांडलेले रक्त आपण विसरलो नाही, आणि विसरू नये. मात्र रणगाडे जवळून जात असताना माजघरात बसलेल्या माणसांना काय वाटले, याविषयी आपण फार थोडे लिहिले. नव्या काबिजादीतील आपली जुनी घराणी. पेशवाई, सावंतवाडी आणि पोर्तुगीज अशा सत्ता येताजाताना आपल्या वाडवडिलांनी पाहिल्या. त्यांना आनंद झाला, तशी धास्तीही वाटली. सनदा, कुळे, देवस्थानाचे हक्क, मुलांचे शिक्षण यांचे उद्या काय होणार, हा प्रश्न त्या पहाटे अनेक ओसऱ्यांवर असणारच. तो विचारणे म्हणजे देशभक्तीत उणेपणा आणणे, अशा समजुतीने तो घरातच राहिला. भिंतीवरील चित्रांनी आपल्याला एकच भाव शिकवला आणि आपण दुसरे भाव कागदावर आणले नाहीत.

यावर असा आक्षेप घेता येईल की आठवणी भरवशाच्या नसतात. आमच्याच घरातील दोन आठवणी एकमेकींना खोडतात. आक्षेप खरा आहे. पण कोलोनच्या चित्रीकरणाने काय शिकवले? पुरावा डोळ्यांसमोर असूनही जगाने मोटार पाहिली नाही. भिंगही विसरायला लावते, स्मृतीही रंग भरते. दोहोंना एकमेकांसमोर उभे करूनच काही हाती लागेल. म्हणून परस्परविरोधी आठवणी जुळवून एक गोड हकीकत तयार करू नये. त्या आहेत तशा, विरोधासह लिहाव्यात.

१९६१ साली जी मुले दहा वर्षांची होती ती आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यापाशी बसून विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत. विचारताना ‘तुम्हांला अभिमान वाटला का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ठरलेले असते. त्या सकाळी चूल कधी पेटली, गुरे सोडली की नाही, पूल उडाल्यावर म्हापशाच्या बाजाराला कोणत्या वाटेने गेलात, रात्री दिवा लावला का, असे विचारावे. अशा उत्तरांतून आपल्या गावांचे जे चित्र उमटेल ते कोणत्याही संग्रहात नाही.

आमची आत्या आता नाही. रणगाडा पाहिल्याचे सांगणारे आजोबाही नाहीत. ते दोघे हयात असताना आम्ही त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले, लिहून घेतले नाही. त्या फळीवरची पितळेची भांडी मात्र घरात आहेत. यंदा मुक्तिदिनी शाळेतील प्रदर्शन पाहून घरी परतल्यावर आम्ही त्यांकडे पाहत होतो, आणि ती सासू नेमकी कोणत्या खोलीतून बोलली असेल, याचा अंदाज करत होतो.